दोन व्याही आणि टाकीमागची टेकडी

आ करा. अजून. अहो अध्यक्ष, सभेत याच्या दुप्पट उघडता — हां, आता दिसली. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. पार पोखरून बसलीये की! किती दिवस लवंग दाबून काढलेत? राहू दे, सांगू नका, वासावरून कळतंय. नगरपालिकेचा अध्यक्ष झाला म्हणून दाढ काही वाट बघत नाही, दादा. आता एक करा, दुखलं तर हात वर करा, पण बोलायचा प्रयत्न करू नका, कारण तोंडात एवढी हत्यारं असली की सगळ्यांचं 'अं अं' मला सारखंच ऐकू येतं आणि मग मी माझ्या सोयीचा अर्थ काढते. तर आत येताना काय विचारलंत तुम्ही? घरातले दोघं कसे आहेत. मजेत आहेत हो. पंचाईत एवढीच आहे, की एकमेकांबरोबर मजेत आहेत.

नाही, हसू नका, सुई लागेल. तुम्हाला ठाऊकच आहे ना आमचं घर — गावाला ठाऊक आहे. माझे बाबा तुमच्या पक्षाचे, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासूनचे. जन्मभर विजेच्या सामानाचं दुकान चालवलं, आणि गिऱ्हाईकाला बल्ब देताना बरोबर एक भाषणही द्यायचे, सरकारनं धंद्यात नाक खुपसू नये वगैरे. आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे — टेलिफोन खात्यात होते, युनियनचे सेक्रेटरी, म्हणजे तुमच्या समोरच्या बाकावरचे. माझं लग्न ठरलं तेव्हा दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं आणि दोघांचेही चेहरे असे झाले — असेच, तुमचा आत्ता झालाय तसे. सासूबाई आधीच गेलेल्या. मग माझी आई गेली आणि बाबांना मी इथे घेऊन आले. वरच्या मजल्यावर पुढची खोली बाबांची, मागची अण्णांची, आणि मध्ये — मध्ये मी! नवऱ्याचं काय, तो सकाळी बँकेत जातो तो दिवेलागणीला येतो, त्याला दोन्हीकडे 'बरोबर आहे तुमचं' म्हणायला काय जातं? निवडणूक आली की पुढच्या बाल्कनीत एक झेंडा, मागच्या बाल्कनीत दुसरा. पेशंट विचारायचे, डॉक्टर, तुमचं मत कुणाला? मी म्हणायचे, जो रात्री दात घासून झोपतो त्याला.

बोलायचे नाहीत हो एकमेकांशी. अजिबात. एका सोफ्यावर बसून, मध्ये एका उशीचं अंतर, आणि — 'सूनबाई, तुझ्या वडिलांना सांग, बातम्यांचा आवाज कमी करा.' की बाबा — 'तुझ्या सासऱ्यांना सांग, बातम्या आहेत, अंगाई नाही.' मी पोळपाटावरून ओरडायचे, 'दोघांनाही ऐकू आलंय!' काही उपयोग नाही. निरोप्या तो निरोप्याच. आणि गंमत सांगू का? दोघांची खोड एकच. आमच्या मागे मागे फिरून दिवे बंद करायचे. तुम्ही खोलीतून बाहेर पडलात की मागे अंधार. मी एकदा पीठ आणायला दोन पावलं गेले तर स्वयंपाकघर बंद! बाबांचं म्हणणं, कष्टाचं आहे, फुकट जाळायचं नाही. अण्णांचं म्हणणं, आपण जास्त जाळलं की कुणाच्या तरी वाट्याचं कमी होतं. भाषणं दोन, बटण एकच. एकदा संध्याकाळी जिन्याजवळचा दिवा चालू राहिला होता, तर दोघं दोन बाजूंनी आले, दोघांचेही हात बटणावर, एकानं दाबलं, लगेच दुसऱ्यानं दाबलं — म्हणजे बंद होऊन परत चालू! आणि दोघंही तिथेच उभे. आता बंद कोण करणार? केलं तर ऐकलं असं होईल ना समोरच्याचं. शेवटी मी जाऊन केला. दुखतंय? नाही? मग हात का हलला? बरं, नाक खाजवा.

मग तुमची ती योजना आली. घाबरू नका हो, माझ्या हातात ड्रिल आहे म्हणून मी काही वेडंवाकडं बोलणार नाही. त्या दिवशी नाश्त्याला दोघांनी वर्तमानपत्राची पानं वाटून घेतलेली, आणि पहिल्या पानावर तुमचा आणि उपाध्यक्षांचा फोटो, दोन पक्ष एकत्र, हातात हात, गाव सूर्यावर चालणार. बाबा म्हणाले, 'वा! सूर्य कुणाच्या मालकीचा नाही. आपली वीज आपण करायची, कुणाच्या दारात उभं राहायला नको.' आणि अण्णा, आपल्या पानाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं — 'धूर नाही, राख नाही. योग्य आहे.' माझ्या हातातला चमचा पडला! एका टेबलावर दोघांचं एकमत म्हणजे काय चेष्टा आहे? आणि मग अण्णांनी आतलं पान उलटलं. सौर पॅनेलांची जागा कुठली — तर पाण्याच्या टाकीमागची टेकडी. झाडं काढून, सपाट करून. बाबांनी चहा तसाच ठेवला.

आता ती झाडं अण्णांची, हे तुम्हाला माहीत असेल. अण्णांची म्हणजे युनियननं लावलेली, पण युनियनमधले बाकीचे दोन रविवार आले आणि दमले, आणि अण्णा खांद्यावरून पाण्याचे डबे नेत राहिले वर्षानुवर्षं. उघडी बोडकी टेकडी होती, आठवतंय ना? तुम्ही पतंग उडवायला जायचात तिथे. तेव्हा अण्णांचं समजू शकते मी. पण बाबा? मला वाटलं सकाळचं फिरणं बुडेल म्हणून असेल. रोज जायचे ना आई गेल्यापासून. तर दुपारी अण्णा स्वयंपाकघरात आले, दाराशी उभे, म्हणाले, 'सूनबाई, तुला एक सांगतो, पण तुझ्या वडिलांना सांगू नकोस. ते वर एका झाडाखाली बसतात. रोज. आणि बोलतात.' मी म्हटलं, कुणाशी? तर म्हणाले, 'तुझ्या आईशी. काल काय झालं, भाजीला काय होतं, तुझा आवाज बसला होता, सगळं. मी पहिल्या दिवशी पाणी घालायला गेलो तेव्हा कानावर पडलं. मग मी टाकीच्या मागे थांबायला लागलो. त्यांचं झालं की मी जातो.'

जरा… एक मिनिट हं. नाही, काही नाही, चष्म्यावर शिंतोडा उडाला.

म्हणजे बघा तुम्ही. हा माणूस माझ्या बाबांशी अवाक्षर बोलत नव्हता, आणि रोज सकाळी पाण्याचे जड डबे घेऊन टाकीच्या मागे उभा राहायचा, झाडाखालच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत. आणि मी मुलगी — मला वाटायचं, चला, बाबा फिरायला गेले, व्यायाम होतोय. आता, सांगू नकोस म्हणाले होते, पण माझ्या पोटात काही राहतं का? नवरा म्हणतोच, तुला काही सांगणं म्हणजे भोंगा लावण्यासारखं आहे. मी लगेच जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं रागावले, आता दोन्ही खोल्यांची दारं बंद. तर उठले, पॅसेज ओलांडून मागच्या खोलीशी गेले, दारावर टकटक केली — एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हो — आणि म्हणाले, 'येता का फिरायला?' आतून आवाज आला, 'चप्पल घालतो.' बस्स. एवढंच. माझी निरोप्याची नोकरी त्या दिवशी गेली ती गेली.

मोठा आ. जीभ बाजूला. तिकडे नाही, इकडे.

मग काय, वर बसून दोघांनी ठरवलं — वीज सूर्याचीच हवी, पण टेकडी कशाला? गावभर गच्च्या उन्हात नुसत्या तापत पडल्यात, शाळेची, मंडईची, एसटी स्टँडची. आधी आपापल्या पक्षात गेले बिचारे. तुमच्या कार्यालयात बाबांना म्हणाले, 'लेकीच्या सासरच्यांनी फितवलं वाटतं काका तुम्हाला.' अण्णांना तिकडे म्हणाले, 'आपण पुढे जाणारी माणसं, तुम्ही मागे ओढताय.' दोघं पडलेल्या चेहऱ्यानं घरी. मग दारोदार जायला लागले, एकत्र, आणि पहिल्या दिवशी सगळीकडून नकार! का? तर अण्णा तुमच्या लोकांना सांगणार पुढची पिढी, पृथ्वी, समान वाटा, तुमची माणसं जांभया देणार. आणि बाबा तिकडच्या लोकांना सांगणार मालकी आपली, मर्जी आपली — त्यांना वाटायचं हा काहीतरी विकायला आलाय. मग अण्णा म्हणाले, 'व्याही, तुमच्या घरांत तुम्ही बोला, माझ्या घरांत मी बोलतो, दुसऱ्यानं नुसतं शेजारी उभं राहायचं.' आणि चालायला लागलं की हो! सांगायचं एकच, भाषा दोन. मात्र शेजारी उभं राहून राहून एकमेकांचं पाठ झालं. परवा तुमच्या त्या जुन्या खजिनदारांच्या दारात बाबा अगदी रंगात येऊन म्हणाले, 'आपल्या वाट्याचं ऊन आहे ते सगळ्यांचं आहे, बंधूंनो!' अण्णांना एवढा ठसका लागला हसून, की पाणी मागावं लागलं. पण गच्ची मिळाली.

आणि मग ते चक्कर येणं झालं अण्णांना, तुमच्या कानावर आलं असेलच. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, भर उन्हात. मला फोन आला, बाबांचा. बाबांचा आवाज मी असा कधी ऐकला नाही, आई गेली तेव्हाही नाही. 'अगं लवकर ये, आमच्या अण्णांना काहीतरी होतंय.' आमच्या! तुझे सासरे नाही, ते नाही — आमचे अण्णा. मी ॲप्रन घालूनच पळाले, पेशंट खुर्चीत तसाच, तोंड उघडं. जाऊन बघते तर अण्णा पायरीवर टेकलेले, बाबा त्यांना टोपीनं वारा घालतायत आणि ओरडतायत, 'सकाळी खाल्लं का नाही नीट? तुमचा पक्ष उपाशी ठेवतो का तुम्हाला?' आणि अण्णा डोळे मिटून, 'ओरडू नका, हे काय दुकान आहे?' काही नव्हतं, ऊन लागलं होतं. पण दोघंही घरी आले ते रडून लाल डोळे. मी विचारलं नाही. मीसुद्धा कधी कधी गप्प बसते.

आता टेकडीवर जेवढी पॅनेलं मावली असती त्याहून जास्त मावतील एवढ्या गच्च्या झाल्यात त्यांच्याकडे, लोकांनी तोंडानं हो म्हटलेल्या. शेवटपर्यंत नकार कुणी दिला सांगू? फक्त दोघांनी. तुमच्या पक्षाचं कार्यालय आणि त्यांच्या पक्षाचं कार्यालय! दोन्हीकडे एकच उत्तर — वरून आदेश आला की बघू. बाबा म्हणतात, वरून तर ऊन येतंय, अजून काय पाहिजे? आणि मी सांगते, तुमच्यातलेच लोक भराभर हो म्हणालेत, तुम्हाला वाटतं सगळे तुमच्यामागे आहेत, अहो, सगळ्यात पहिली गच्ची कुणाची मिळाली ठाऊक आहे का? बाबांनी नुसतं तोंड उघडलं तर म्हणाल्या, 'पुढचं बोलू नका, माझं लहानपण त्या टेकडीच्या पायथ्याशी गेलंय, आमची गच्ची घ्या, ह्यांना मी नंतर —'

…चूळ भरा.

नाही, कुणाच्या असं नाही. एक बाई. खूप बायका आहेत गावात. उठू नका अध्यक्ष! सिमेंट ओलं आहे, दाढ हातात येईल — बसा. बसा हो. असे बघू नका माझ्याकडे. बरं. वहिनी. झालं? वहिनींनीच दिली तुमची गच्ची. मला म्हणाल्या होत्या, डॉक्टर, आज टेकडीच्या मतदानाची सभा होईपर्यंत ह्यांना कळू देऊ नका, मी माझ्या पद्धतीनं सांगते. आणि मी अगदी गळ्याशपथ हो म्हटलं होतं. बघा आता. बाहेर बसल्यात त्या, तुम्हाला वाटलं दाढेसाठी सोबत आल्यात. आल्यात दाढेसाठीच, रागावू नका. काल मला फोनवर विचारत होत्या, ह्यांना फार दुखेल का हो. दुखण्याचं त्यांनाच जास्त. घर दोघांचं आहे ना? मग गच्चीही दोघांची. अर्धी तर अर्धी द्या.

दाबा. हळूच दात आवळा. उंच लागतंय? नाही. झालं. उठा आता. संध्याकाळपर्यंत डाव्या बाजूनं चावू नका. आणि मत देताना कुठल्या बाजूनं द्यायचं ते मी सांगणार नाही, मी दातांची डॉक्टर आहे. पैसे राहू दे, नंतर बघू. इकडून, इकडून, ते कपाटाचं दार आहे! आणि हो, बाहेर बाकावर बाबा नि अण्णा बसलेत. मी शंभरदा सांगितलं, पेशंटला गाठू नका, दवाखाना आहे हा. कोण ऐकतंय? तुम्ही सरळ निघून जा.

वहिनी, तुम्ही आत या. या, दार लोटून घ्या. नाही हो, मारत नाही कुणी कुणाला — माफ करा मला, निसटलं तोंडातून. अगदी शेवटी निसटलं. काय करतायत ते? गेले का? थांबा, काचेतून बघते.

अगंबाई.

बसले अध्यक्ष! बाकावर, दोघांच्या मध्ये! बाबा सरकले, अण्णा सरकले, जागा करून दिली. नाही, ह्यांना बोलता येत नाहीये, अर्धा ओठ बधिर आहे. बाबा बोलतायत. हात असे पसरून, दुकानात बोलायचे तसे. आता अण्णा. बाबा मध्येच काहीतरी — ऐकलं अण्णांनी. वहिनी, मान हलवली ह्यांनी! हो की नाही ते कळलं नाही, पण हलवली. आता विचारलं काहीतरी, त्या तसल्या तोंडानं. काय विचारलं? थांबा, हा कॉम्प्रेसर बंद करते, काही ऐकू येऊ देत नाहीये मेला —