परगावच्या सुताराचं जेवण

“हॅलो?… हो, हंसाच बोलतेय. चिमण, आज भरतीला होडी उतरतेय आणि तू अजून मुंबईतच?”

सदुसष्टचा जानेवारी. डहाणूच्या पोस्टात हंसा काळा फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. धाकटा भाऊ चिमण वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. होडीच्या पूजेला येणार होता.

“रजा रद्द? कशापायी?… तिघं अंतराळवीर?… जळाले?… चंद्राच्या वाटेवर का रे?… जमिनीवरच? नुसती तालीम?… आणि दार?… आत उघडणारं, म्हणून उघडलंच नाही?… बाई गं.”

ती भिंतीला टेकली.

“अरे ऐक ना, आधी कुणी तपासलं नव्हतं?… ज्यांचं यान त्यांनीच?… आता चौकशीलाही बहुतेक त्यांचीच माणसं?”

चिमण सांगत राहिला. तिला पुढचं ऐकू येईना. होडी बांधली होती तिच्या सासऱ्यांनी, देवजींनी. पण बांधणाऱ्याने आपली होडी आपणच चांगली म्हणायची नाही, ही घरची रीत. परगावचा सुतार फळीन् फळी ठोकून बघायचा, आणि ‘उतरवा’ म्हणेपर्यंत त्या घरचं पाणीही तोंडाला लावायचा नाही.

“चिमण… काल भीमा सुतार आला होता. उन्हातून चालत. मी त्याला आधी जेवायला बसवलं… पापलेटचं कालवण. हसू नकोस. दोनदा वाढलं… मग काय, हात धुतले, एक फेरी मारली, दोन ठिकाणी ठोकलं, म्हणाला, वहिनी, झकास आहे… अरे, आमचं कालवण पोटात घेऊन आमच्याच होडीला नावं कशी ठेवील तो?… नाही, मामंजींना ठाऊक नाही… सात जण जाणारेत तिच्यातून. तुझे दाजीसुद्धा.”

तेवढ्यात किनाऱ्यावर ढोल वाजला. होडी ओढायला घेतली होती.

“चिमण, जाते मी. सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी, होडी वाळूवरच राहू द्या… शिव्या देतील, देऊ देत. दुसरा सुतार आणू. तो बघत असेल तोवर तो उपाशी, नि मीही त्याच्याबरोबर… हॅलो?… हॅलो?”

फोन कधीच मुका झाला होता. तो तसाच टेबलावर टाकून हंसा ढोलाच्या दिशेने धावत सुटली.