डाव्या बाजूचा नट

हॅलो?… हां, बोल. आईच बोलतेय, दुसरं कोण असणार या घरात?… आजारी नाही, धाप लागलीय नुसती. जोर लावत होते… अगं, नटाला. खालच्या खोलीत आहे, बाबांच्या वर्कशॉपमध्ये… थांब, हात पुसू दे, फोन तेलकट होतोय… हां. स्पीकरवर टाकलाय, आता बोल.

आधी सांग, बाबा जवळ आहेत का?… खुर्चीत. खिडकीपाशी… सकाळपासून तिथेच?… जेवले?… अर्धीच पोळी. बरं. टीव्ही चालू आहे ना? मग दार लोट आणि हळू बोल.

दादाने तुला फोन केला, होय ना?… वाटलंच. तुझ्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही… हो, भंगारवाल्याला मीच परत पाठवलं. म्हटलं, मोडक्या खुर्च्या न्या, पत्रे न्या, ग्राइंडरला हात लावायचा नाही… भांडले नाही गं. समोर स्टूल टाकून बसले, मग तोच गेला कंटाळून.

हो, हो… अगं ऐक ना. खोली रिकामी करायचीय, मान्य. गुडघा नवा बसवलेल्या माणसाला मी जिना चढायला लावणार नाही. पलंग खालीच येणार. तो मावतो, बघितलंय मी. खिडकीखाली टेबल राहतं आणि टेबलावर ग्राइंडर राहतो… डॉक्टर बोलले तेव्हा मीही तिथेच होते. बसून हलकं काम करायला हरकत नाही म्हणाले.

काय?… ‘बाबा स्वतःच म्हणाले, भंगारात दे’… म्हणालेच ना. तेच तर… अगं, तू जन्मापासून बघतेयस. या माणसाने कधी वाकडा खिळा फेकलाय? ठोकून सरळ करणार आणि डब्यात टाकणार. तो मला म्हणतो, दे तो ग्राइंडर भंगारात, आता कोण बसणार त्यावर. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ओरडले असते तर चाललं असतं मला. चिडले असते तरी चाललं असतं. ऑपरेशनच्या वेळी मला एवढी भीती वाटली नव्हती…

नाही रडत. रॉकेल आहे, नाकात गेलंय.

तर ते तुझ्याकडून घरी यायच्या आत मला हा चालू करायचाय. बस… जमेल की. का नाही जमणार? सगळा गंज उतरवला. तारेचा ब्रश, रॉकेल, पॉलिश पेपर… नखं? नखांचं काय घेऊन बसलीस. रंग पण दिला. हिरवा… मूळचा तोच होता, गंजाखाली सापडला. वायर बदलली, बटण बदललं… मीच. शिलाई मशीनच्या मोटरा एवढी वर्षं कोण उघडतं या घरात? बेअरिंगं पण आणून ठेवलीत. दुकानदार म्हणे, मिस्त्रींना पाठवा. म्हटलं, मिस्त्री समोरच उभी आहे, द्या.

फक्त हा एक नट. ग्राइंडरला दोन बाजूंना दोन दगड असतात ना, धार लावायचे. त्यांना बाहेरून एकेक नट असतो. उजवीकडचा लगेच निघाला. डावीकडचा काही केल्या हलत नाही. तुझ्या आत्यापेक्षा हट्टी… तेल सोडून झालं. गरम पाणी ओतून झालं. पान्याला लांब पाइप लावून वर लोंबकळून झालं, वाढलेलं वजन कुठे तरी कामी यावं म्हणून. उलट जास्तच घट्ट झाल्यासारखा वाटतोय.

म्हणून आता तू बाबांना विचारायचं… तूच. सहज. ग्राइंडरचं नाव काढायचं नाही… अगं, सहज म्हणजे सहज. म्हण, जावईबापूंच्या ऑफिसात एक नट अडकलाय… बरं, ऑफिसात नट नसतात. मग पंख्याचा म्हण… नाही, मी नाही विचारणार. मला यश येईल की नाही माहीत नाही, आणि त्यांना एकदा आशा लावून परत पाडायचं नाही मला… हो, धरते. जा.

…

आहे, आहे. काय म्हणाले?… ‘कसला नट’… तू काय सांगितलंस?… ‘पंख्याचा, डाव्या बाजूचा’… अगं, पंख्याला डावी बाजू असते का? तुला धड खोटंही बोलता येत नाही, अगदी बाबांवर गेलीस… मग?… टीव्ही बंद केला? स्वतः?… उठतायत?… एकटे? काठी आहे ना हातात?… धर त्यांना… नको म्हणतायत? मग नको धरू. मागे मागे राहा फक्त…

अहो?… हो, मीच… नाही दिला भंगारात… ऐकलं होतं मी तुमचं. पटलं नाही, म्हणून नाही दिला… ओरडा, खुशाल ओरडा. कितीतरी दिवसांनी आवाज ऐकतेय तुमचा.

हातोडा? छे, हातोडा कशाला मारेन… एकदा मारला. हळूच… बरं, दोनदा… हो, कळलं, परत नाही मारणार.

कुठल्या दिशेने म्हणजे? सगळे नट उघडतात त्याच… काय?… डावीकडचे आटे उलटे असतात?… म्हणजे मी इतका वेळ उघडत नव्हते, आवळत होते?… असं का करतात पण?… हां. दगड फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पटलं… हसा. लेकही हसतेय ना मागे? येतंय ऐकू.

बाण?… कसला बाण?… दगडाच्या झाकणावर, तुम्ही खिळ्याने कोरलेला… अगंबाई. तो बाण होता? मला वाटलं, ओरखडा आहे. घासघासून काढला आणि वर रंगाचे दोन हात दिले. अख्ख्या ग्राइंडरवर सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घेतली मी.

थांबा, पाना लावते. नटाच्या समोर तोंड करून… घड्याळाच्या काट्यांसारखं… पाचर मारलीय पलीकडे, दांडा नाही फिरत. हं… हं… अहो, हलला. हलला हो… सुटला.

काढला दगड… नाही, टेबलावर नाही ठेवला. बोट घातलंय मधल्या भोकात, लटकवून धरलाय… लाकडी मुठीने वाजवू? पेचकसाची आहे, चालेल? फोनजवळ धरते. ऐका… आलं ऐकू?… दुसऱ्या बाजूनेही मारते… घंटेसारखा वाजतोय ना? म्हणजे तडा नाही?… देवा, शाबूत आहे.

आता उजवीकडचा. ऐका… हो. मलाही कळलं. फुटक्या मडक्यासारखा, बद्द… पण दिसत तर काहीच नाही वरून… अहो, हा मी घासून पुसून तयार ठेवला होता. उद्या लावणारच होते… फिरताना फुटला असता तर तुकडे तोंडावर… नका, पुढचं नका सांगू.

बसते जरा… ठीक आहे मी. तुम्हाला न विचारता मी सगळं करून दाखवणार होते हो. म्हटलं होतं, बटण दाबते आणि तुम्हाला दाखवते. नाही जमत. तुमच्याशिवाय नाही जमत मला हे.



काय?… नाही लावत. शपथ. नवा दगड तुम्हीच निवडा, वाजवून… बेअरिंगं? आहेत ना, पाकिटात… नाही फोडलं पाकीट… त्यालाही हात लावायचा नाही. बरं… बरं, बरं. रविवारी दादा गाडी घेऊन येतोच आहे तुम्हाला आणायला, मग… आज?… अहो, टाके आत्ता कुठे निघालेत. दुपारचं ऊन… हॅलो?… अहो?

… अगं, तू? फोन तुझ्याकडे कसा? ते कुठे गेले?

… चपला शोधतायत?

नाही. अडवू नकोस… माहितीय गं, खोली तयार नाही. पलंग आलेला नाही, रंगाचा वास येतोय, सगळं माहितीय. गादी घालते जमिनीवर… बरं, जमिनीवर नको, शेजारून खाट मागून आणते. तू गाडी काढ. पुढच्या सीटवर बसव, पाय लांब राहील. औषधांची पिशवी विसरू नकोस… आणि स्वतः चालत असतील तर चालू दे. हात धरू नकोस, ते मागतील तेव्हाच धर.

मी?… मी काही करत नाही आता. हात धुते आणि दारात जाऊन उभी राहते. ठेव.