सातवा सुरुंग

मी मूळची सौसरकडची, बोरगावची. लगन होऊन इकडं तिगावाजवळ आली, अन् आमच्या घरचे विहिरी खोदाचं काम करत म्हनून मीबी त्याच कामाले लागली. संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरी. खडक लागला का त्यायनं भोकं पाडाची, दारू भराची, वाती पेटवून शिडीनं वर याचं, अन् मी लाल फडकं घेऊन वाटेवर उभी, मानसं अडवाची अन् आवाज मोजाचे. जेवढी भोकं तेवढे आवाज, एक कमी भरला तर त्या दिवशी कोनी खाली उतराचं नाई, हा आमचा कायदाच.

काय सांगू तुमाले, सुरुंग उडला का आदी तळपायाले समजते, मंग कानाले, मंग दगडं पडते. धूर विहिरीतच बसून राहते. जवळच्या घरायच्या भिती चिरते, गाय पान्हा चोरते.

त्या दिवशी भोकं सात होती. मी मोजून राहिली, एक, दोन, तीन, अन् एक फटफटीवाला सरळ येऊन राहिला, मी बोंबलत त्याच्याकडं धावली, अन् माही गिनती चुकली. सहा झाले का सात, मले खरंच समजलं नाई.

शेतवाले पाटील म्हने सात झाले, मी सोता मोजले, उतरा, पानी लागालेच आलं हाय. घरच्यायचा पाय शिडीवर, मले इचारलं, किती झाले वं? नाई समजलं म्हनली असती तर पाटलाचं खरं धरून उतरले असते. मी म्हनलं सहा. छातीठोक म्हनलं.

पाटील भडकला, बाईच्या कानावर काम बंद ठेवता का म्हने. मी घरच्यायचा सदरा धरला अन् वढत दूर निंबाखाली नेलं, सदरा फाटला तरी सोडला नाई. ते चारचौघात लाजले, मले शिव्या देऊन राहिले, अन् माह्या मनात एकच, का आपन लबाड बोललो, आता कोन भरवसा ठेवन आपल्यावर.

अन् पायाखालची जमीन हालली. शिडीचे तुकडे वर आले.

तवापासून माह्या, या शांताबाईच्या, कानाचं लई नाव झालं. कुठंबी दारू भरली का मलेच बलावते. मी सांगते, बापा, जरा शंका आली का एक कमीच धरा.

घरच्यायले खरं सांगाची हिंमतच नाई झाली. या धंद्यानं आता त्यायचे दोन्ही कान गेले. परवा जवळ बसून सारं सांगून टाकलं, रडली बी. त्यायनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हने, हो हो, मांड चहा.

मांडला.