शेपूट नसलेली

हॅलो?… हां प्रगती, बोल… कैनाडलाच आहे, शेठच्या वाडीवर. कुठे जाणार मी?… हो, हो, तिच्याजवळच बसलेय… आधी तू सांग. दाखवलास फोटो तुझ्या कॉलेजच्या सरांना?… माकड नाही? मग काय वाघ आहे?… गिबन?… आसामच्या जंगलातलं… अगं बाई! एवढ्या लांबून आणलं तिला, पिंजऱ्यात कोंबून?

काय?… शेपूट नसतंच? जन्मापासून?… आणि तुझी ताई येडी! म्हटलं, शेठच्या माणसांनी कापलं. आठ दिवस जखम शोधतेय, हळदसुद्धा लावली. गप बसून लावून घेतली गं तिने.

हो, ओरडते ना, रोज उजाडलं की. तुला नव्हतं का ऐकवलं… ते गाणं असतं?… नर-मादी दोघं मिळून?… थांब, थांब. म्हणजे ती ओरडायची, मग गप्प व्हायची, मान वर करून… त्याची वाट बघायची? अगं, मला वाटलं दम लागतो. मी पाणी पाजत होते तिला!

नाही गं, रडत नाहीये… अगं ऐक ना. ऐक आधी. ती पिंजऱ्यात नाही आता… सकाळी शेठचा फोन आला तुझ्या भावोजींना. वनखात्याला कुणकुण लागलीय, ते माकड पोत्यात घाला नि खाडीत टाका म्हणाला. मेल्याला काही वाटलं नाही बोलताना! भावोजी पोतं आणायला गेले, तेवढ्यात मी कडी काढली… मग काय करू? वाडीत माकडांची टोळी येते ना, म्हटलं, आपल्या माणसांत जाईल बिचारी.

आणि काय गेली गं! नुसत्या हातांनी, या चिकूवरून त्या चिकूवर, पाय कुठे टेकलेच नाहीत. मी टाळ्या वाजवल्या. मग शेंड्यावर बसली आणि गायला लागली…

काय?… हद्द सांगायलाही गातात? ही जागा आमची, येऊ नका म्हणून?… हां. माकडांना तेच कळलं असणार. पंधरा-वीस होती, तुटून पडली. ही एकटी. मी दगड मारले, काठी घेऊन धावले… कुठली ऐकतायत!

मांडीवर आहे माझ्या. पदर धरलाय… वनखात्याची गाडी निघाली? विवळवेढ्यापर्यंत आली?… डॉक्टरही आहेत?… बरं… बरं…

प्रगती… ती गेली गं. तुझा फोन यायच्या आधीच. तू एवढी खुशीत सांगत होतीस, मला बोलवेना… मीच मारली ना तिला?… नको, तू नको रडू.

ठेवते मी. तिची बोटं अडकलीत पदरात… लांब आहेत गं, एका हाताने सुटत नाहीत.