केरबाअण्णांची ऐकणारी पेटी

या, मंडळी, बसा. पुढं सरका जरा, दारातल्यांना आत येऊ द्या. आज आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नाही. माणूस बहिरा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही म्हणाल, बुवा, कान जातात. कान गेले तर सोपं आहे हो! डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. पण दोन्ही कान शाबूत, शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा ऐकू येते, आणि आपल्याच घरातलं एक माणूस ऐकू येत नाही. त्याला काय म्हणायचं? नवविधा भक्ती सांगतात तेव्हा पहिलं येतं श्रवण. कीर्तन दुसरं! म्हणजे मी इथं घसा फोडतोय तो दुसऱ्या नंबरचा, आणि तुम्ही मांडी घालून बसलात ते पहिल्या नंबरचे. आता बसलेल्यांतले ऐकतात किती, ते गाभाऱ्यातल्याला माहीत. तर ऐका. इचलकरंजीतली गोष्ट आहे.

इचलकरंजीत केरबाअण्णा हावळ म्हणून एक गृहस्थ. जातीचे कोष्टी, धंद्याने मागवाले. खाली कारखाना, वर घर. सोळा माग. ज्यांनी माग पाहिले नाहीत त्यांना सांगतो — एक माग चालला तर शेजारी उभं राहून बोलता येत नाही. सोळा चालले तर विचारसुद्धा मोठ्यानं करावा लागतो! धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे — खटक्-खट, खटक्-खट. सकाळी सुरू झालं की दिवसभर तेच. अण्णांनी अडतीस वर्षं त्या आवाजात काढली. त्या आवाजात जेवले, त्या आवाजात पोराचं बारसं केलं.

आणि एका वर्षी माग बंद झाले. नव्या यंत्रांपुढे जुने टिकेनात, अण्णांच्या गुडघ्यांनाही जिना झेपेना. मुलगा सुहास तिकडं तमिळनाडूत, होसूरला नोकरीला. शेवटच्या दिवशी तो आला होता. त्याने अण्णांचा मोबाइल सूत गुंडाळलेल्या एका बीमवर ठेवला आणि तासभर सगळ्या कारखान्याचा आवाज त्यात भरून घेतला. म्हणाला, अण्णा, आठवण राहील. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, माग गेले.

मंडळी, घर इतकं शांत झालं की अण्णांना झोप लागेना. दुपारी पडले की डोळ्यांपुढे उन्हाची तिरीप यायची, तिच्यात कापसाचे तंतू तरंगायचे, आणि त्या तंतूंच्या पलीकडून कुठून तरी लांबून खटक्-खट यायचं. ते उठून जिन्यापाशी जायचे. खाली रिकामी फरशी. जिथं माग होते तिथं तेलाचे सोळा डाग. बाकी काही नाही.

घरात आणखी एक माणूस होतं. प्रमिलाकाकू, त्यांची बायको. माहेर जयसिंगपूरचं. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्यांनी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या, कामगारांचा चहा केला, पोर वाढवलं. आता माग गेले, तर नवराबायकोनं बोलायला हरकत नव्हती. पण बोलणं होईना. काकू चहा आणून ठेवायच्या, कपाचा आवाज व्हायचा, बस्स. अण्णांना वाटायचं, हिचा स्वभावच मुळात कमी बोलण्याचा. आणि एक दिवस काकूंनी सांगितलं, मी सुहासकडे जाऊन राहते. अण्णांनी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, बघू. कपाटावरची बॅग खाली निघाली. अण्णांना ते टोचलं, पण का टोचलं ते कळलं नाही. त्यांनी मन दुसरीकडे वळवलं. पुरुषमंडळी, हसू नका, आपण सगळे हेच करतो.

मन वळवायला एक निमित्तही होतं. अण्णांकडे जुनी साउंड सिस्टिम होती. पाच स्पीकर, लाकडी खोक्यांचे, भरभक्कम. त्यांना चालवणारी पेटी मात्र जळली होती. तिला रिसीव्हर म्हणतात. टीव्हीचा, मोबाइलचा सगळा आवाज आधी तिच्यात जातो आणि तिथून प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा वाटा मिळतो. घरातल्या कर्त्या माणसासारखी! वाटणी नीट झाली तर घर गातं, नाही तर एक ओरडतो आणि बाकीचे गप्प. अण्णांच्या मनात आलं, नवा रिसीव्हर घ्यायचा. चांगला दणकट. आणि त्याच्यावर सुहासनं भरलेला तो कारखाना लावायचा. डोळे मिटायचे. सोळा माग चारी बाजूंनी.

कोल्हापुरात स्टेशनच्या बाजूला एक दुकान आहे, निलोफर मुजावर म्हणून बाई चालवतात. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली शिकल्या. अण्णा तिथं गेले आणि म्हणाले, सगळ्यांत मोठा दाखवा. निलोफरबाईंनी मोठा दाखवला नाही. आधी विचारत बसल्या. खोली केवढी? स्पीकरच्या पाठीवर काय लिहिलंय? अण्णांनी खिशातनं चिठ्ठी काढली. खोली दहा बाय चौदा, आणि स्पीकरवरचे आकडे जसेच्या तसे उतरवलेले. बाई म्हणाल्या, स्पीकर छान आहेत, ते बदलू नका, नुसती पेटी बदला. मग त्यांनी विचारलं, घरी ऐकायला कोण असतं?

अण्णा म्हणाले, मीच.

बाई उठल्या. आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतींना जाड पडदे, अंधुक उजेड, मधे एक खुर्ची. आधी मोठी पेटी जोडली. नऊ स्पीकर चालवणारी, दोन माणसांनी उचलावी अशी. अण्णांनी मोबाइल दिला, आवाज पूर्ण वाढवायला सांगितला.

आणि मंडळी, माग सुरू झाले! खुर्ची हलली. अण्णांचे डोळे मिटले. ते खाली कारखान्यात होते, पायाखाली फरशी थरथरत होती, ऊन तिरपं येत होतं, तंतू तरंगत होते. तिसऱ्या मागाचा धोटा नेहमीसारखा अर्धा ताल मागं. त्यांच्या गालावरनं पाणी ओघळलं. म्हणाले, हीच द्या.

निलोफरबाई म्हणाल्या, देते. पण काका, दहा बाय चौदाच्या खोलीत ही पेटी कोंडल्यासारखी होईल. एक लहान आहे, तीही ऐका. मग तुम्ही म्हणाल ती.

अण्णा नाखुशीनं बसले. बाईंनी पाच स्पीकरची साधी पेटी जोडली. आवाज निम्म्यावर ठेवला. काहीतरी बटणं फिरवून मधल्या स्पीकरला थोडं पुढं आणलं. त्या म्हणाल्या, माणसाचं बोलणं या मधल्यातनं येतं.

माग पुन्हा सुरू झाले. या वेळी गडगडाट नव्हता. सोळाचे सोळा वेगळे ऐकू येत होते, एकेकाचं नाव घ्यावं असे. एखादं दार हळूच उघडावं तसं त्या सोळांच्या मधे जागा उघडत होती. आणि त्या जागेतनं काहीतरी आलं.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय."

"कुठं?"

"मागं. लांबून. जिन्यावरनं असेल."

अण्णांनी मान वळवली. खरंच वळवली, जणू तिथं जिना आहे. मागं तर पडदा होता. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. आणि ऐकलं.

"अहो, जेवायला येताय काय?"

मग खटक्-खट, खटक्-खट. थोड्या वेळानं परत, "अहो." मग बऱ्याच वेळानं तिसऱ्यांदा. या वेळी आवाज खाली आलेला, विचारणाऱ्याला उत्तराची आशा उरलेली नसावी असा. त्यानंतर नुसते माग. अण्णांनी तो तास संपेपर्यंत ऐकलं. चौथी हाक आली नाही.

आता सांगा मंडळी, ती हाक मोबाइलला ऐकू आली. चार बोटांएवढा तो डबा! बीमवर पडल्या पडल्या त्यानं ऐकलं. आणि त्याच्यापासून पाच हातांवर उभा असलेला नवरा? ती शेवटच्या दिवसाची हाक होती. त्याच्याआधीची अडतीस वर्षं कुणी भरून ठेवली होती?

अण्णांनी लहान पेटी घेतली. रस्ताभर मांडीवर धरून आणली, बसमधे खाली ठेवायला तयार होईनात.

घरी आले तर काकू बॅगेत साड्या ठेवत होत्या. अण्णांना बोलायचं होतं, पण इतकी वर्षं न बोललेला माणूस एका दुपारी बोलायला लागतो होय? पेटी टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचं पुठ्ठ्याचं खोकं काढत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निलोफरबाई स्वतः जोडायला आल्या. तारा लावल्या, आणि मग पिशवीतनं एक छोटा माइक काढला, सुपारीएवढा. अण्णांनी विचारलं, हा कशाला? गाणी म्हणायची आहेत काय?

बाईंनी समजावलं. ही पेटी आधी ऐकते. ऐकणारा जिथं बसतो तिथं माइक ठेवायचा. पेटी एकेका स्पीकरमधनं सूर सोडते, तो त्या जागेपर्यंत कसा पोचतो ते ऐकते, कुठं भिंत आवाज खाते, कुठं कोपरा घुमतो, ते सगळं समजून घेते. मग स्वतःला बदलते. त्याच्यानंतरच गाते.

अहाहा! मंडळी, मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या पेटीला हात जोडले. आम्ही बुवालोक आयुष्यभर सांगतोय ते एका पेटीला कळलं! आधी ऐक. समोरचा कुठं बसलाय ते बघ. आपल्याला बदल. मग तोंड उघड.

अण्णांनी सोफ्याचा मधला भाग दाखवला, मी इथं बसतो. बाईंनी माइक ठेवला. पेटीनं सूर सोडले, ऐकले. मग बाई म्हणाल्या, ही दुसरी जागाही लक्षात ठेवते. "काकू कुठं बसतात?"

अण्णा खोलीकडे वळले.

खोलीत सोफा होता, दोन खुर्च्या होत्या, खिडकीजवळ दिवाण होता. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. प्रमिला इथं बसते? की इथं? अडतीस वर्षांचा संसार, आणि डोळ्यांपुढे बसलेली बायको येईना. चहा ठेवणारा हात येत होता. जाणारी पाठ येत होती. बसलेली काही येईना. एका परक्या बाईनं साधा प्रश्न विचारला, आणि घरात उभा असलेला हा माणूस वाट चुकल्यासारखा चारी बाजूंना बघायला लागला.

मग ते आत गेले. बायकोच्या समोर उभे राहिले, आणि म्हणाले, "प्रमिला, तू कुठं बसतीस गं?"

काकूंना वाटलं, कान बिघडले काय आपले. त्यांनी बराच वेळ नवऱ्याकडे पाहिलं. मग बाहेर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून ठेवलेल्या एका बुटक्या स्टुलाकडे बोट केलं. तिथनं टीव्ही अर्धाच दिसायचा. अण्णांनी ते स्टूल रोज ओलांडलं होतं.

अण्णांनी स्वतः खुर्ची उचलली. खिडकीजवळ, जिथनं सगळं समोर येतं, तिथं ठेवली. माइक तिच्यावर ठेवायला लावला. पेटीनं पुन्हा सूर सोडले. खालचे, वरचे, झुळकीसारखे. काकू दारातनं बघत राहिल्या, आपल्या जागेसाठी एक यंत्र इतक्या मन लावून ऐकतंय ते.

झालं. बाईंनी विचारलं, काय लावू? अण्णांचा हात मोबाइलकडे गेला. मग थांबला. ते काकूंकडे वळले. "तुला काय ऐकायचंय?"

मंडळी, या प्रश्नाला उत्तर काय आलं असेल? भजन? मालिका? तुमच्यातल्या कुणालाही ओळखता येणार नाही. काकू म्हणाल्या, "मॅच."

अण्णांना समजेना. काकू म्हणाल्या, कसोटी चालू आहे, चहापानानंतरचा खेळ सुरू झाला असेल. मोबाइलवर आवाज बंद करून बघत असते मी, स्वयंपाक करताना.

मॅच लावली. काकू खुर्चीत बसल्या, काठावर, पाहुण्यासारख्या. आणि मागच्या दोन स्पीकरमधनं मैदान आलं. हजारो माणसांची ती मंद गुणगुण, पावसाआधी झाडांत असते तशी. मधल्या स्पीकरमधनं खेळाचं वर्णन करणाऱ्याचा शांत आवाज. आणि बॅटवर चेंडू — टक्. इतका जवळ, इतका स्वच्छ! काकू हळूहळू मागं टेकल्या. त्यांचे डोळे मिटले. खोली होती तिथंच होती, पण भिंती जराशा लांब गेल्यासारख्या वाटल्या, आणि दुपारच्या उन्हाला गवताचा वास आला.

मिटल्या डोळ्यांनीच त्या बोलायला लागल्या. जयसिंगपूरचं मैदान. वडील शाळेत ड्रिलमास्तर, रविवारी पंच म्हणून उभे राहायचे. चिंचेखाली टेबल, तिथं दहा वर्षांची प्रमिला धावा लिहायला बसायची. एक चेंडू चुकवायची नाही. वडील म्हणायचे, ही पोरगी लांबनं नुसत्या आवाजावरनं सांगते, मधोमध लागला की कडेला. लग्न ठरलं त्या वर्षी वही माहेरी राहिली. इथं आल्यावर मागांच्या आवाजात रेडिओ कुठला ऐकू येणार?

अण्णा तिथंच, त्या बुटक्या स्टुलावर बसले होते. मधे चेंडू लागला आणि काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "हा कडेला लागला. बघा, झेलबाद होतोय." गेला! अण्णांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू आत्ता वरातीतनं उतरली आहे. काकू तासभर बोलल्या. अण्णांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. निलोफरबाई केव्हा उठून गेल्या ते दोघांना कळलंसुद्धा नाही.

आता तुम्हाला वाटेल, काकूंनी बॅग परत कपाटावर टाकली. नाही टाकली. त्या होसूरला गेल्या, तीन आठवडे राहिल्या, नातवाला खेळवून आल्या. जाताना "बघू" मात्र म्हणाल्या नाहीत, परतीची तारीख सांगून गेल्या. आणि रोज खेळ संपला की अण्णांचा फोन जायचा — आज काय झालं ते सांग, मला एकट्याला कळत नाही. परत आल्या तेव्हा अण्णा मिरज स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी जाऊन बसले होते.

संपली गोष्ट. पण तुम्हाला अजून सोडलेलं नाही. देव श्रवणानं भेटतो म्हणतात, आणि आपण त्याला ऐकायला इथवर येतो, ठीक आहे. पण तो बोलणार कुठल्या तोंडानं, याचा विचार केलाय? दगडाच्या मूर्तीला जीभ नाही. त्याला बोलायचं असलं तर तो आपल्या घरातलंच एखादं तोंड उसनं घेणार, आणि आपण नेमके त्याच आवाजाला इतके सरावलेले, की तो ऐकूच येत नाही!

मी आता तुमच्याकडून टाळ्या मागत नाही, नामाचा गजरही घटकाभर राहू द्या. डोळे मिटा. आपल्या घरातलं, तुमच्याबरोबर राहणारं सगळ्यांत गप्प माणूस डोळ्यांपुढे आणा. ते कुठं बसतं?

दिसत नसेल, तर उठा. प्रसाद मी पोचवीन. तुम्ही घरी जा आणि विचारा.