समोरच्या दारातले तीन जोड

आता मला सांगा, पेपर उचलायला वाकलं आणि समोरच्या दाराबाहेरचे बूट दिसले, तर ह्यात माझा काय गुन्हा? डोळे काय घरात ठेवून वाकायचं? मी काही कुणाच्या दारात डोकवायला जात नाही, पण आमच्या आणि समोरच्या दारात जेमतेम दोन पायपुसण्यांचं अंतर, दिसणारच ना... आणि दिसलं काय, तर तीन जोड. एक नाजूक सपाता, एक मधल्या मापाचे बूट, आणि तिसरा... तुम्हाला सांगते, तिसरा म्हणजे होडी. काळा, रुंद, चक्क पुरुषाचा. आणि समोर राहतं कोण, तर एकटी मुलगी. लायब्ररीत काउंटरवर असते, भेटली की "काय काकू" म्हणून हसते. बरं, सपाता हिच्या, मधले एखाद्या बहिणीचे धरू, पण होडी? होडीचा नावाडी कोण?

आणि मी कुणाला बोलले का? मुळीच नाही. घरमालक नळ बघायला आले होते, "सगळं ठीक ना?" म्हणाले, मी आपलं म्हटलं, "ठीकच की, समोर तिघं राहतात पण आवाज म्हणून नाही हो." कौतुकच केलं मी.

झालं. रविवारी सकाळी घरमालक हजर. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलणं सगळं नाकातून. "बाई, करार एकटीचा आहे. महिनाअखेर खोली रिकामी करा." ती बिचारी भिंतीला धरून दारात आलेली, पायात लोकरी मोजे. "काका, तिन्ही जोड माझेच आहेत."

"माणसाला पाय किती?"

"दोनच. पण दिवसभर एका मापाचे राहत नाहीत. मला ल्यूपस आहे. म्हणजे आपलं रक्षण करायला शरीरात जे पहारेकरी असतात ना, ते माझ्यात घरच्यांनाच चोर समजून बडवत सुटतात. सांधे, मूत्रपिंड, सापडेल ते."

हे बोलताना ती माझ्याकडे का बघत होती, कोण जाणे.

सकाळी म्हणे पाय आखडलेले, गारठा लागला की बोटं खडूसारखी पांढरी, मग जांभळी. दुपारपासून सूज चढते, आणि संध्याकाळी बायकांच्या मापाचं काही पायात जातच नाही, म्हणून पुरुषांचा जोड आणलेला. "आणि काका, जिने चढवत नाहीत मला. तळमजल्यावर खोली मिळेपर्यंत किती उंबरठे झिजवले, माझं मला माहीत."

मला तर गलबलून आलं. घरमालकांना नाही. "घाला बघू तो बूट," म्हणाले. तिनं घातला, आणि सकाळचा तो पाय आत असा खुळखुळला, डब्यात उरलेला एकटा वाटाणा जसा.

"संध्याकाळी बसेल," ती म्हणाली.

"मग संध्याकाळपर्यंत मी इथंच बसतो."

आणि बसले कुठं? माझ्याकडे. का, तर माझ्या खुर्चीतून समोरचं दार स्पष्ट दिसतं म्हणे. आता ती खुर्ची तशी ठेवलीय ती उजेडासाठी, मी काही कुणाच्या दारात डोकवायला...

आमचे हे गेलेले भावाकडे, त्यामुळे सगळी सरबराई माझ्या गळ्यात. खुर्ची उंच, घरमालक बुटके, पाय लोंबकळतायत. चहा झाला, खारे दाणे झाले, जेवण झालं, परत खारे दाणे, मग तोंड उघडं टाकून झोप. मी आपली घटकाघटकेला समोर जाऊन विचारतेय, "सुजले का गं?" "थोडे." "थोड्यानं भागायचं नाही." कुणाच्या पायाला सूज यावी म्हणून मी देवाला हात जोडले ते आयुष्यात पहिल्यांदा. ती हसायला लागली. "काकू, रोज मी ती येऊ नये म्हणून पाय वर करून बसते, आणि आज तुम्ही तिची वाट बघताय. येईल. ती कधी खाडा करत नाही."

आणि आली हो. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहतोय. होडी घातली, चप्प बसली. घरमालक खाली वाकले, दुकानातल्या माणसासारखं टाचेपाशी अंगठा घालून बघितलं, नुसते "हं" म्हणाले. नाकातून नाही, तोंडातून. "राहा तुम्ही. कुठं जाऊ नका."

मी सुटले म्हणते तोवर घरमालकांचा स्वतःचा बूट चढेना. दिवसभर पाय लोंबकळलेले, पोटात ते खारे दाणे! त्यांनी ओढला, मी ढकलला, टाचेत माझा चांगला चमचा घालून वाकवला... नाहीच. शेवटी तिनं होडी काढून पुढे केली. "घाला काका, उद्या आणून द्या." त्यांना चप्प बसली. दारात थांबून हळूच म्हणाले, "रोज होतं हे असं?"

"रोज."

जाताना जुडगा वाजला नाही.

आता ह्यात त्यांचे ते टोकदार बूट राहिले तिच्या दारात. सकाळी मी पेपरला वाकतेय, तर वरच्या मजल्यावरची खाली हजर. "काकू, समोर पुरुषाचे बूट? रात्रभर?" मी खरं तेच सांगितलं, "घरमालकांचे आहेत." अहो, त्यासरशी तिचे डोळे जे चमकले... माझ्या लक्षात आलं, हे तर होडीपेक्षा भयंकर झालं. पोरीची खोली परत जायची. म्हटलं, "म्हणजे काल दिवसभर ते माझ्याकडेच होते गं," आणि बूट उचलून आमच्या दारात ठेवले.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली, आणि बाहेरून आमचे हे आले. हातात पिशवी. बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग एक बूट उचलून तळवा बघितला. "हे कुणाचे?"

काय सांगू? खरं सांगायचं तर सुरुवात समोरच्या दारापासून करावी लागेल... आणि मी तर कुणाच्या दारात डोकावत नाही.