भरताची वांगी

लिंबायतच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर वांग्यांनी फुगलेली पिशवी होती.

“उज्ज्वला, पप्पा विचारतील, बंगळुरूला जाऊन ही असं काय करणार?”

“डीएनएमध्ये जनुकं चालू-बंद करणारी बटणं असतात, आई. ती कुठे आहेत, ते ओळखायला आम्ही कॉम्प्युटरला शिकवणार.”

“आणि तो चुकला मग?”

“चुकतोच. चुकला की पुन्हा शिकवायचं. हजारदा चुकून मग बरोबर सांगायला लागतो.”

“बाई गं! आणि तुम्ही चिडत नाही?”

“चिडून काय होणार? पण पप्पा नाही म्हणाले तर?”

“आधी भरीत-भाकरी वाढू, मग विचारू.”

“तरी नाहीच म्हणाले तर?”

“उद्या पुन्हा भरीत. परवा पुन्हा. एवढी वांगी काय उगाच घेतली?”